आवाजासंगं सून पाठवत नाई

सेलू, जि. वर्धा
६ नोव्हेंबर १९८१

चि. वासुदेवभाऊजी यांस,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी भांडते.

शेजारची मंदाबाई माहेरी तळेगावला गेली होती, ती परवा परतली. तिनं सांगितलं ते ऐकून हे पत्र लिहायला बसले.

मी तुम्हाला लिहिलं होतं की आपल्या रुख्मिणीला सातवा लागला. आठव्यात पोटुशी बाई हलवत नाहीत, तेव्हा या महिन्यातच तिला सासरहून माहेरी आणायची. जाऊन आणा, असं लिहिलं होतं. तुम्ही फोन केलात. तोही कुठे, तर तळेगावात बाजाराच्या दिवशी हिरालालच्या अडतीत.

हिरालालचा धंदा धान्याच्या लिलावाचा. कोणी भाव बोललं की तो भाव मोठ्यानं परत म्हणायचा, म्हणजे शेवटच्या पोत्यावर बसलेल्यालाही ऐकू जावं, ही त्याची जन्माची सवय. फोनवरही तो तेच करतो. तुम्ही नागपूरहून एक वाक्य बोललात की तो ते दुकानभर पुकारत होता. "सातवा लागला म्हन्ते. पोरीले धाडून द्या म्हन्ते. न्यायले येनं होत नाई म्हन्ते, बसमधी बसवून द्या म्हन्ते." उडदाच्या पोत्यांवर अर्धं गाव बसलं होतं. त्यात रुख्मिणीचे सासरे रूपरावही होते. कोणीतरी म्हटलं, "काऊन रूपराव, सून पारसलनं धाडतू का?" सगळे हसले. रूपराव आपली पोती तिथेच टाकून घरी गेले.

मंदाबाईजवळ त्यांनी निरोप दिला आहे. "न्यायले माणूस येईन तवा पोरगी पाठवू. आवाजासंगं सून पाठवाची रीत आमच्यात नाई." मला राग आला, पण त्यांचा नाही आला.

लग्नाच्या मांडवात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता की अण्णा नसले तरी पोरीचा मुराळी मी आहे, न्यायला मी येत जाईन. गेल्या वर्षी दिवाळसणाला जावईच तिला घेऊन आले, म्हणून मुराळ्याची गरज पडली नाही. या वेळी पहिल्यांदा पडली. इथल्या भैय्याजींच्या कापडदुकानात फोन बसल्यापासून तुम्ही सेलूलाही फिरकत नाही. पितृपक्षात तुमच्या अण्णांचं पान वाढायला सख्खा भाऊ हवा होता. तुम्ही फोन करून विचारलंत, सगळं व्यवस्थित झालं ना. कावळाही फोन करूनच बोलावायचा होता का?

नागपूर-अमरावती बस तळेगावात थांबते. तुम्हाला बसायचं आहे आणि उतरायचं आहे. मला इथून वर्धा, मग आर्वी, मग तळेगाव. तरी मी गेले असते, पण पहिल्या बाळंतपणाला न्यायला माझ्यासारखीनं जाऊ नये म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे.

या आठवड्यात जा. विमलला आणि मुलांना आशीर्वाद. तुम्हालाही आहेतच.

कोकिळा


नागपूर
१० नोव्हेंबर १९८१

ती. गं. भा. कोकिळावहिनी यांस वासुदेवचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोचले. हिरालाल फोनवर लिलाव पुकारतो हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. लाइनमध्ये खरखर होती, म्हणून मला ओरडून बोलावे लागले, आणि मी ओरडलो म्हणून तो ओरडला असावा. त्याबद्दल मी रूपरावांना पत्राने दिलगिरी कळवली आहे.

पण वहिनी, रागावणार नसाल तर एक विचारतो. "पोरीला धाडा" एवढे सांगायला एका माणसाने दिवस मोडून जायचे, तिकडे पाहुणचार घ्यायचा, परत यायचे, यात शहाणपण काय आहे? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर आहे, रोज पाहतो. आमच्या साहेबांनी परवा भाषणात सांगितले की आणखी दहा-पंधरा वर्षांनी माणसाला भेटीगाठीसाठी प्रवास करावाच लागणार नाही. मुराळी ही रीत पडली तेव्हा रस्ते नव्हते, एकट्या बाईला भीती होती. आता जावई प्रभाकररावांनी रुख्मिणीला बसमध्ये बसवून द्यावे आणि तुम्ही वर्ध्याला उतरवून घ्यावे. त्यात कोणाचा कमीपणा आहे?

तुमचा जीव तिच्यात अडकला आहे हे मी जाणतो. म्हणून एक व्यवस्था केली आहे. येत्या रविवारी सकाळी तुम्ही भैय्याजींच्या दुकानात येऊन बसा. रुख्मिणी तिकडे हिरालालच्या अडतीत येईल, तसे मी पत्रात कळवले आहे. त्या दिवशी बाजार नसतो. मी स्वतः बोर्डावर बसून लाइन जोडीन. हिरालालला बजावले आहे की काहीही पुकारायचे नाही. माय-लेकीची भेट घडवून देतो, मग तुमचा राग राहणार नाही.

आपला
वासुदेव


सेलू
१५ नोव्हेंबर १९८१, रविवार

चि. वासुदेवभाऊजी यांस,

तुम्ही घडवलेली भेट कशी झाली ते ऐका.

भैय्याजींनी माझ्यासाठी गादीवर नवी चादर घातली, फोन धोतराच्या सोग्यानं पुसला. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती कापड बघायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. घंटी वाजली तशी मी डोक्यावरून पदर नीट केला. भैय्याजी म्हणाले, "भाभी, उधर से कुछ दिखता नहीं." मी त्यांना म्हटलं, तेच तर भांडण आहे.

आवाज साफ आला, हे कबूल. जणू रुख्मिणी माझ्या कानात बसली होती.

"कशी हायेस वं बाई?"

"बरी आहो माय."

"जेवतेस का?"

"जेवतो माय."

"पायाले सूज हाये का?"

तिच्यामागे कोणीतरी खोकललं. मग ती म्हणाली, "बरी आहो माय."

तेवढ्यात तुमचा आवाज मध्ये आला, वहिनी, वेळ झाली, आणखी जोडू का? काय जोडणार होता? अडतीत सासऱ्यासमोर उभी राहून कोणती पोर आपल्या पायाचं बोलेल? आणि दुकानभर गिऱ्हाइकांत बसून कोणती आई पुढचं विचारेल? भैय्याजींनी मला चहा पाजला आणि म्हणाले, मुलीचा आवाज ऐकला, आता बरं वाटलं असेल. मी हो म्हटलं. त्यांचा काय दोष.

आता मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते लिहिते. पोटुश्या बाईच्या पायाचं दिराला लिहायचं नसतं, म्हणून लिहिलं नव्हतं. मंदाबाईनं रुख्मिणीला विहिरीवर पाहिलं. तिची जोडवी बोटांत रुतली आहेत, निघत नाहीत. सकाळी उठते तेव्हा डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या असतात. सासू शोभाबाई म्हणते, भरल्या पोटी असं होतंच, उन्हात बसू नको.

तुमची थोरली बहीण गुलाब कशी गेली ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, तुम्ही लहान होता. मी नवी सून होते. तिचे पाय असेच सुजले. मग डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग झटके. देवीचं आहे म्हणून लिंबू उतरवत बसले. मी तिची जोडवी साबण लावून काढली होती, ती आधी नाही, नंतर.

मी शाळेत गेले नाही. तुमच्या अण्णांचा पेपर हाताळता हाताळता माझी मी अक्षरं जुळवली, हे तुम्ही पाहिलं आहे. वाचनालयातून बाळंतपणाचं पुस्तक आणून मी दोनदा वाचलं. त्यात लिहिलं आहे की अशी सूज आली की रक्तदाब बघावा आणि थांबू नये. पुस्तकात हेही लिहिलं आहे की डॉक्टरनं बाईला समोर बघावं. तुमच्या साहेबांनी ते पुस्तक वाचलेलं दिसत नाही.

जा आणि तिला आणा. दाराशी उभे राहा, त्यांना माणूस हवा आहे. तिथून तिला सरळ सेवाग्रामच्या दवाखान्यात आणू.

आणि पत्राच्या माथ्यावर गं. भा. लिहिणं सोडा. मी कोण झाले आहे ते मला माहीत आहे.

कोकिळा


नागपूर
२० नोव्हेंबर १९८१

ती. गं. भा. वहिनी,

सवयीने लिहून गेलो. खोडत नाही, खोडले तर आणखी वाईट दिसेल.

गुलाबताईचे मला माहीत नव्हते. पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. तरी मी गेलो नाही. का, ते लिहितो. विमलशिवाय हे कोणाला ठाऊक नाही.

मी बसमध्ये बसू शकत नाही. अण्णांची ओळख पटवायला मला बुटीबोरीला नेले होते. बस रस्त्याच्या खाली आडवी पडलेली होती आणि तिचे एक चाक अजून वाऱ्याने फिरत होते. त्या दिवसापासून बसची पायरी चढलो की हात गार पडतात आणि कानात काही ऐकू येत नाही. सेलूला मी रेल्वेने येत होतो म्हणून तुम्हाला कळले नाही. ऑफिसला सायकलने जातो. मग सेलूला येणेही सोडले, ते का, तेही लिहितो. फोनवर तुमच्या घरात अण्णा नाहीत हे दिसत नाही.

एवढे लिहिलेच आहे तर आणखी एक लिहितो. अण्णा त्या दिवशी काय सांगायला निघाले होते? रुख्मिणीच्या साक्षगंधाची तारीख. एक ओळ. सेलूच्या पोस्टात तेव्हाही फोन होता, आणि माझ्या टेबलावर दिवसभर दुसरे काय असते? तुम्हीच नंतर विमलला सांगितलेत की ते पोस्टाकडेच निघाले होते, तुम्ही म्हणालात, सख्ख्या भावाला असं सांगतात का, जाऊन सांगा.

वहिनी, ते पोस्टात गेले असते तर आज तळेगावला मुराळी म्हणून तेच गेले असते. हे मी कधी बोललो नाही. पण तुम्ही प्रत्येक पत्रात जा, जा लिहिता, आणि मला तेच ऐकू येते.

मी प्रभाकररावांना ऑफिसमधून पुन्हा फोन लावून पाहतो.

वासुदेव


सेलू
२४ नोव्हेंबर १९८१

चि. वासुदेवभाऊजी,

हो. मीच म्हटलं, जाऊन सांगा.

तुम्हाला वाटत असेल की हे वाचून मी रडत बसेन आणि माझी चूक झाली असं लिहीन. मी रडले, पण तसं लिहिणार नाही. तारीख सांगायला फोन पुरला असता, हे खरं. ते तारीख सांगायला निघाले नव्हते. होळी होऊन गेली, तुम्ही संक्रांतीपासून घरी आला नव्हता. आदल्या रात्री जेवताना म्हणाले, वासुदेव वाळला असेल, खानावळीत बसल्यासारखं जेवतो. त्यांना तुम्हाला बघायचं होतं. पोस्टाकडे निघाले होते ते आळसानं, आणि मी आळस मोडला. पिशवीत तुमच्यासाठी नव्या कुरड्या दिल्या होत्या मी. त्या तुम्हाला मिळाल्या नाहीत, त्या रस्त्यावर सांडल्या असतील, हे मी कोणाला आजवर म्हटलं नाही. तुम्ही तुमचं म्हटलंत, मी माझं म्हणते.

बस उलटली. जाणं उलटलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी मी जाऊन सांगा असंच म्हणेन.

तुम्ही लिहिता, फोनवर घरात अण्णा नाहीत हे दिसत नाही. मला ते रोज दिसतं. सकाळी चूल पेटवताना दिसतं, पेपर येतो तेव्हा दिसतं. मी कुठे फोन करू?

माझा राग तुमच्या भीतीवर नाही. भीती वाटते असं एका ओळीत कळवलं असतं तर मी एकदाही भांडले नसते, दुसरा माणूस बघितला असता. तुम्ही भीतीला प्रगतीचं नाव दिलंत. मला भाषणं ऐकवलीत, रीत जुनी झाली म्हणालात. आणि त्यात रुख्मिणीचे तीन आठवडे गेले. आठवा आता दारात आहे.

उद्या पहाटेच्या बसनं मी जाते. आवाजासंगं सून पाठवत नाहीत म्हणतात ना, मग विधवेसंगं पाठवतात का ते बघते.

तळेगावला फोन करून मी येते आहे असं कळवू नका. दार लावून बसायला वेळ मिळेल त्यांना.

कोकिळा


नागपूर
४ जानेवारी १९८२

ती. वहिनी,

महिना उलटून गेला, तुमचे पत्र नाही. दोन पत्रे मी टाकली, त्यांनाही उत्तर नाही. हिरालालकडे फोन केला तेव्हा कळले की तुम्ही रुख्मिणीला घेऊन गेलात. त्यापुढे त्याला काही माहीत नाही. भैय्याजींना दर आठवड्याला फोन करतो. ते म्हणतात, सब ठीक है. रुख्मिणी कशी आहे? ठीक है. दवाखान्यात आहे की घरी? ठीक है. बाळंत झाली का? भाभीने बोला है, ठीक है बोलना. आणि फोन ठेवतात. वहिनी, ठीक म्हणजे काय? आवाज अगदी साफ येतो आणि मला काही कळत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुमचे शेवटचे पत्र आले त्याच दुपारी मी स्टँडवर गेलो होतो. अमरावतीचे तिकीट काढले, खिडकीजवळ बसलो. बस नाक्यापर्यंत गेली. मग मी ओरडलो असेन, कारण कंडक्टरने घंटी मारली आणि लोक माझ्याकडे बघत होते. उतरून चालत घरी आलो. रेल्वेने पुलगाव, मग आर्वीची लहान रेल्वेगाडी, पुढे बैलबंडी, असेही जाता आले असते. हे मला नाक्यावरून चालताना सुचले. तीन आठवडे सुचले नव्हते, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो.

तुम्हाला काय वाटेल ते लिहा, पण लिहा.

वासुदेव


सेलू
९ जानेवारी १९८२

चि. वासुदेवभाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

या वेळी आशीर्वाद आधी लिहिते, कारण तुम्ही नाक्यापर्यंत गेलात. मला ते माहीत नव्हतं.

दोघंही सुखरूप आहेत, हे पहिल्यांदा वाचा आणि विमलला सांगा. बाकीचं मग वाचा.

तळेगावला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. शोभाबाई दारात उभी होती. तिनं माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "मुराळी कुठं हाये?" मी म्हटलं, मीच. ती दारातून हलली नाही. म्हणाली, "विहीणबाई, राग नोका मानू. पहिली येळ हाये पोरीची. तुमी कशा..." पुढचं तिला बोलवेना. तिचा स्वभाव वाईट नाही, तिलाही कोणीतरी हेच शिकवलं आहे. मी म्हटलं, "ओटी तुमी भरा. मी हात लावत नाई. न्यायचं काम तेवढं मी करतो." आणि ओट्यावर बसले.

रूपराव आतून आले. त्यांनी अडतीतली सगळी कहाणी पुन्हा सांगितली, लोक कसे हसले ते सांगितलं, आमच्या घरची गोष्ट उडदासोबत लिलावात निघाली म्हणाले. मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग म्हणाले की त्यांनी माणूस मागितला होता आणि नागपूरच्या पाहुण्यांनी पुन्हा फोनच केला. तेही खरं होतं.

तेवढ्यात रुख्मिणी पाणी घेऊन आली. भाऊजी, मी तिला पटकन ओळखलं नाही. चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा. तिनं तांब्या ठेवला आणि माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मी उठले, खाली बसले, आणि सासऱ्यासमोर तिचं लुगडं पायांवरून वितभर वर केलं. शोभाबाईनं तोंडावर हात ठेवला. मी रूपरावांना म्हटलं, "हे बघा. मले फोनवर हे दिसलं नाई. तुमाले तर रोज दिसते."

मी तिच्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरेना. मी बोट काढून घेतलं नाही. मला तुमच्या गुलाबताईचे पाय दिसत होते.

सगळी वाट मी तुमच्यावर चिडत गेले होते. तिथे बसल्यावर कळलं की एकट्या तुमच्यावर चिडून भागायचं नाही. तुम्ही लांबून बोलत होता. हे एका घरात राहून बोलत नव्हते आणि बघतही नव्हते. रूपरावांनी मान खाली घातली आणि जावयाला हाक मारली, बंडी जुंप म्हणाले. शोभाबाईनं ओटी भरली. खणावर तांदूळ घालताना तिचे डोळे वाहत होते. निघताना तिनं मला हळूच विचारलं, "वाचन ना वं पोरगी?" मी म्हटलं, आता निघालो आहोत.

आर्वीच्या बसमध्ये तिचं डोकं दुखायला लागलं. मी तिला मांडीवर निजवलं. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, अशीले काऊन फिरवता. सेवाग्रामला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं आणि मलाच ओरडल्या, इतका उशीर का केला म्हणून. मी तुमचं नाव घेतलं नाही, रूपरावांचंही नाही. कोणाकोणाचं घेऊ? ठेवूनच घेतली तिला. औषधं, अंधारी खोली, मीठ बंद. मी खाटेखाली सतरंजी टाकून राहिले. अधूनमधून सेलूला येऊन कपडे नेत होते, तेव्हा भैय्याजींना सांगून ठेवलं की नागपूरचा फोन आला तर फक्त ठीक आहे म्हणा. तुम्ही विचारता, ठीक म्हणजे काय. मला त्या रविवारी अडतीतून जे मिळालं होतं, तेच मी तुम्हाला पाठवलं. आता पुरे झालं.

नाताळानंतर ती बाळंत झाली. दिवस थोडे कमी भरले, पण बाळ रडलं जोरात. कालच आम्ही घरी आलो. जोडवी आता बोटात सैल फिरतात. जावई दोनदा येऊन गेले, बसनं आले. शोभाबाईनं डिंकाचे लाडू पाठवले आहेत.

बाळ झोपेत भुवई वर चढवतं. एकच, डावी. पेपरात काही न पटणारं वाचलं की तुमचे अण्णा चढवायचे तशी. मी एकटीच बघते आणि कोणाला सांगावं कळत नाही. रुख्मिणीला सांगितलं तर ती रडते. हे बघितल्यावर काय वाटतं ते ज्याला कळेल असा या जगात आता एकच माणूस उरला आहे, आणि तो नागपूरला बोर्डावर बसून दुसऱ्यांच्या लाइनी जोडतो.

म्हणून ऐका. सेलूला यायला बस लागत नाही. पॅसेंजर सेलू रोडला थांबते. घरी आलात की अण्णा नाहीत हे दिसेल. दिसू द्या, मी आहे तिथे. रविवारी स्टेशनावर बंडी पाठवते, सकाळच्या गाडीला आणि संध्याकाळच्याही. कोणत्या गाडीनं येता ते फोन करून कळवू नका.

मुलगा की मुलगी ते या पत्रात लिहिलेलं नाही. पत्र उलटून पाहू नका, मागेही लिहिलेलं नाही. भैय्याजींना विचारू नका, त्यांनी शपथ घेतली आहे. सगळ्या सेलूला माहीत आहे, तळेगावच्या अडतीत तर पुकारून झालं असेल. तुम्हाला तेवढं येऊन बघावं लागेल.

तुमची वहिनी
कोकिळा